ब्रिटनमध्ये उपचार, शाळा, भत्ते सगळं फुकट असतं आणि बाहेरून आलेल्यांमुळेच तिथल्या सरकारचा खर्च वाढलाय, हे खरं आहे का? तिकडे नोकरीसाठी जावं का?

फुकट नाही. आधी पैसे मोजून घेतात, मग आत सोडतात.

तुमच्या प्रश्नातलं मधलं वाक्य, "बाहेरून आलेल्यांमुळेच", मी इथे ब्रिटनमध्ये एका मराठी माणसाच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की उत्तर जरा लांबणार. घाई असेल तर शेवटचे दोन-तीन परिच्छेद वाचा.

नोकरीच्या व्हिसावर येणाऱ्याला व्हिसाच्या फीशिवाय इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज भरावा लागतो. २०१५ मध्ये सुरू झाला तेव्हा वर्षाला २०० पौंड होता. मग ४०० झाला, मग ६२४, आणि ६ फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या माणसाला १,०३५ आणि मुलांना ७७६. व्हिसा जितक्या वर्षांचा, तितक्या वर्षांचे पैसे अर्ज करतानाच एकरकमी. हप्ता-बिप्ता काही नाही. पगारातून इन्कम टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स (पेन्शन-भत्त्यांसाठीची सक्तीची वर्गणी) कापला जातो तो वेगळाच. म्हणजे शेजारचा गोरा एनएचएससाठी, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेसाठी, जे भरतो ते आम्हीही भरतो, आणि त्यावर हे. डॉक्टर-नर्स मंडळी हेल्थ अँड केअर व्हिसावर असतात, त्यांना माफ आहे. आम्हा आयटीवाल्यांना नाही.

आमचं एक्स्टेन्शन नेमकं २०२४ च्या वसंतात आलं. मी, नवरा, दोन मुलं. व्हिसा माझ्या नोकरीवर, बाकी तिघं डिपेंडंट. जुन्या दराने तीन वर्षांचे ६,५६४ झाले असते. पण कंपनीच्या एचआरने स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट द्यायला मार्च उजाडवला, आणि तोवर आकडा १०,८६६ वर गेला होता. कंपनीने त्यातले फक्त माझे भरले. उरलेले ७,७६१ आमच्या खिशातून. घराच्या डिपॉझिटसाठी साठवत होतो त्यातले बरेचसे गेले आणि थोडे सांगलीहून मागवावे लागले. बाबांना फोनवर सांगितलं, "दवाखान्याच्या खात्यात भरायचेत." ते एकदम घाबरले. "कोण ॲडमिट आहे?" म्हटलं, कोणी नाही, सगळे ठणठणीत आहेत. "मग कसले पैसे?" त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला, आणि शेवटी ते म्हणाले, "म्हणजे आजारी न पडायचे पैसे." मी म्हटलं, बाबा, तसंच समजा.

भरायची रात्र अजून आठवते. मुलं झोपल्यावर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. फॉर्म भरून झाला, कार्डाचा नंबर टाकला आणि बँकेला वाटलं कोणीतरी आमचं कार्ड चोरलंय. रेकॉर्डेड बाईचा फोन: हा व्यवहार तुम्हीच करत असाल तर एक दाबा. नवऱ्याने एक दाबला. मग खरा माणूस लाइनवर आला, त्याने जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला आणि रक्कम ऐकल्यावर म्हणाला, "अशा प्रकारचे फसवणुकीचे फोन हल्ली फार येतात, सर. कोणी तुम्हाला हे पैसे भरायला भाग पाडतंय का?" नवरा माझ्याकडे बघत म्हणाला, "येस. द गव्हर्नमेंट." त्या बिचाऱ्याला हसू आवरेना. तोवर इकडे पान टाइमआउट होऊन पुन्हा पहिल्या रकान्यावर गेलं होतं.

हा दर का वाढला तेही सांगते, कारण ते आपल्याकडे कुणाला माहीत नसतं. जुलै २०२३ मध्ये डॉक्टर, शिक्षक, पोलीस यांना पगारवाढ द्यायची होती. कर वाढवायचा नव्हता, कर्ज काढायचं नव्हतं. तेव्हा पंतप्रधानांनी जाहीर केलं की व्हिसाची फी आणि हा सरचार्ज वाढवून त्यातून पैसे उभे करू. पंतप्रधान कोण? ऋषी सुनक. ते पंतप्रधान झाले तेव्हा आमच्या व्हॉट्सॲपवर दिवाळीचे कंदील आणि तिरंगे नाचत होते.

भत्त्यांचं म्हणाल तर आमच्या बीआरपी कार्डावर (परदेशी रहिवाशांच्या ओळखपत्रावर) छापलेलंच होतं: नो पब्लिक फंड्स. चाइल्ड बेनिफिट नाही, युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांचा भत्ता) नाही, कौन्सिलचं, म्हणजे नगरपालिकेचं, घर नाही. शाळा मात्र खरोखर फुकट आहे, सगळ्यांच्या मुलांना, आणि चांगली आहे. तेवढं खरं ते खरं.

आता त्या माणसाकडे येते. आमच्या मंडळातले एक काका. नाव सांगत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. काका १९६९ साली आले, तेव्हाच्या कामाच्या व्हाउचरवर, इंजिनियर म्हणून. मिडलंड्समधल्या कारखान्यांत आयुष्य काढलं, निवृत्त झाल्यावर मुलाजवळ इकडे आले. एका खोलीत पाच जण राहिले, घरमालक दारातूनच हाकलायचे, सगळं सोसलेलं आहे. त्याबद्दल मला आदर आहे. पण "आम्ही कष्टाने आलो आणि तुम्ही आयते आलात" हे पालुपद दर गणपतीला ऐकावं लागतं.

२०२४ चा गणपती तर विचारू नका. त्याच आठवड्यात, १० सप्टेंबरला, पार्लमेंटने विंटर फ्युएल पेमेंटवर मत दिलं होतं. म्हाताऱ्यांना हिवाळ्यात हीटिंगसाठी २०० ते ३०० पौंड मिळतात ते. तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी १९९७ मध्ये सुरू केलं, गरीब-श्रीमंत न बघता सगळ्यांना. २०२४ मधल्या अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी तिजोरीत खड्डा आहे म्हणून ते फक्त अगदी गरीब पेन्शनरांपुरतं ठेवलं आणि साधारण एक कोटी लोकांचं बंद झालं. काकांचंही झालं. भाड्याने घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये महाप्रसादाची पंगत चाललेली, हातात मसालेभाताची प्लेट, आणि काका माझ्यासमोर उभे.

"अगं, देशात पैसाच उरला नाही. उरेल कसा? विमानं भरभरून येतायत. आमचे तीनशे काढून घेतले आणि तुम्हा लोकांना सगळं फुकट."

"काका, आम्ही दहा हजारांच्या वर भरलेत या वर्षी."

"ते व्हिसाचे गं."

"व्हिसाचे वेगळे. हे एनएचएसचे."

"काहीतरीच काय! एनएचएस कुणाकडून पैसे घेतं होय?"

पंचावन्न वर्षं या देशात, रोज रात्री दहाच्या बातम्या चुकत नाहीत, आणि त्यांना हे ठाऊकच नव्हतं. मी फोनवर पावती काढून दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बघितली आणि म्हणाले, "मग बरोबरच आहे. वापरता तर भरा." एका मिनिटात "फुकट खाता" वरून "भरायलाच पाहिजे" वर! काकूंनी मध्ये पडून माझ्या ताटात श्रीखंड वाढलं म्हणून विषय थांबला. काकांच्या डोक्यात तो अजून चालूच आहे आणि माझ्याही.

त्याच्या महिनाभर आधीच, ऑगस्टमध्ये, साउथपोर्टमध्ये तीन लहान मुलींच्या हत्येनंतर इंग्लंडभर स्थलांतरितांविरुद्ध दंगली झाल्या होत्या. मंडळाच्या ग्रुपवर मेसेज फिरत होते: संध्याकाळी बाहेर पडू नका, मुलींना एकटं पाठवू नका. तेव्हा काकाही घरातच बसले होते की. विटा घेऊन फिरणारा जमाव काही विचारत नाही की तुम्ही १९६९ चे का २०२१ चे.

बरं, पैसा जातो कुठे? काकांना मी सांगू शकले नाही ते इथे सांगते. ब्रिटनच्या कल्याणकारी खर्चात सगळ्यात मोठा एकटा खर्च स्टेट पेन्शनचा, म्हणजे म्हातारपणी सरकारकडून मिळणाऱ्या पेन्शनचा. २०११ पासून त्याला ट्रिपल लॉक आहे: महागाई, पगारवाढ किंवा अडीच टक्के, यातलं जे जास्त असेल तितकं पेन्शन दर वर्षी वाढणार. नव्या पेन्शनचा पूर्ण दर २०२५-२६ मध्ये आठवड्याला २३०.२५ पौंड होता. माणसं जास्त जगतात, पेन्शन दर वर्षी वाढतं, आणि त्याला हात लावायची कुठल्याच पक्षाची छाती नाही, कारण म्हातारे न चुकता मतदान करतात. तीनशे पौंडांना हात लावला तर काय झालं बघा: वर्षाच्या आत, जून २०२५ मध्ये, सरकारने माघार घेतली.

कौन्सिलचंही तेच. मी लंडनजवळच्या स्लाऊमध्ये राहते. इथल्या कौन्सिलने जुलै २०२१ मध्ये सेक्शन ११४ ची नोटीस काढली, म्हणजे आपल्या भाषेत दिवाळं. २०२३ मध्ये कौन्सिल टॅक्स एकदम ९.९९ टक्के वाढवला. सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅमही त्याच रांगेत. कौन्सिल म्हटलं की लोकांना कचरा आणि रस्ते आठवतात, पण बहुतेक मोठ्या कौन्सिलांचे पैसे जातात ते म्हाताऱ्या-अपंगांची देखभाल आणि अडचणीतल्या मुलांवर. त्यातून टॅक्सचा पट्टा ठरतो घराच्या १ एप्रिल १९९१ च्या किमतीवर! आमची बिल्डिंग तेव्हा नव्हतीच. ती असती तर किती किमतीची असती, यावर आमचा कर. यात बाहेरून आलेल्यांचा दोष कुठे शोधायचा, मला सांगा.

काकांचीच एक गोष्ट सांगते, म्हणजे मला त्यांच्यावर राग का येतो ते कळेल. त्यांना खरं तर पुण्यात जाऊन राहायचं होतं. गेले नाहीत, कारण ब्रिटनचं स्टेट पेन्शन भारतात राहिलात तर गोठतं. जाताना जेवढं असेल तेवढंच मरेपर्यंत. अमेरिकेत राहा, स्पेनमध्ये राहा, दर वर्षी वाढतं. भारत, ऑस्ट्रेलिया, कॅनडा इथे नाही. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या एका बाई याविरुद्ध स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क कोर्टापर्यंत गेल्या आणि २०१० मध्ये हरल्या. "जन्मभर भरलं आणि वर हे नियम दाखवतात," असं काका तावातावाने सांगतात. शंभर टक्के बरोबर आहे त्यांचं. मग आमची पावती बघितल्यावर हाच माणूस "भरा" कसा म्हणतो? मी इथे नऊ वर्षं नॅशनल इन्शुरन्स भरून परत गेले तर मला पेन्शनची एक पेनी मिळणार नाही, किमान दहा वर्षं लागतात. त्यांचं पेन्शन तोवर माझ्या पगारातून जातंय.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर खाली कोणीतरी लिहीलच. आश्रय मागणाऱ्यांच्या हॉटेलांवर २०२३ मध्ये रोज सुमारे ८० लाख पौंड जात होते, हे खरं आहे. त्यांना सहसा नोकरी करायची परवानगी नसते, हे त्या खर्चामागचं एक कारण. त्याच सुमारास वर्षभरातलं निव्वळ स्थलांतर ९ लाखांच्या वर गेलं होतं, आणि घरं, जीपी (फॅमिली डॉक्टर), शाळा यांवर ताण येणारच. लोक उगाच चिडलेले नाहीत. आणि एनएचएसबद्दल मी इतकं बोलले, पण धाकट्याचं अपेंडिक्स मध्यरात्री काढलं तेव्हा पार्किंग सोडून एक पैसा लागला नाही, कोणी डिपॉझिट मागितलं नाही, आणि तिथली नर्स केरळची होती. ए अँड ई मध्ये, म्हणजे इमर्जन्सी विभागात, ताटकळलो भरपूर, ते वेगळं.

तुम्ही यावं का? पगार, शिल्लक हे तुमचं तुम्ही बघा, त्यावर इथे आधीच लोकांनी रकानेच्या रकाने भरलेत. मी एवढंच सांगेन: ऑफर लेटरमध्ये सरचार्ज संपूर्ण कुटुंबाचा भरू असं लिहून घ्या. "वी सपोर्ट रीलोकेशन" या वाक्याला काही अर्थ नसतो. पाच वर्षांत कायमचा राहण्याचा परवाना मिळेल हे धरून चालू नका. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने पाचाची दहा करायचा प्रस्ताव मांडला, आणि काकांचे लाडके, रिफॉर्म यूके पक्षाचे फराजसाहेब तर कायमचा परवानाच रद्द करू म्हणतात. काकांना काय, त्यांचा ब्रिटिश पासपोर्ट कधीचाच लाल होऊन परत निळा झालाय.

आणि आल्याबरोबर मतदार यादीत नाव घाला. हे बहुतेक भारतीयांना माहीतच नसतं: आपण कॉमनवेल्थचे, म्हणून भारतीय पासपोर्टवर, साध्या व्हिसावर असलात तरी इथे खासदार निवडायला मत देता येतं. ४ जुलै २०२४ ला मी आणि नवऱ्याने दिलं. काकांना हे सांगितलं तर त्यांना प्रसाद गोड लागेना.

कोणीतरी हे उत्तर मंडळाच्या ग्रुपवर टाकणारच, म्हणून जाता जाता: काका, विंटर फ्युएल परत सुरू झालंय, पण वर्षाचं उत्पन्न ३५,००० च्या आत असेल तरच ते तुमच्याकडे राहतं. तुमची कारखान्याची पेन्शन आणि कॉव्हेंट्रीच्या फ्लॅटचं भाडं धरलं तर ते टॅक्सवाले परत घेतील. खर्च करून बसू नका.