"पासपोर्ट जमा करा आणि दुसरीकडे जॉइन होऊ नका" असं एजंट म्हणतो तेव्हा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. भावाला चाकणच्या कंपनीतून ब्रेक मिळालाय (म्हणजे कामावरून थांबवलंय), पिंपरीतल्या एका ऑफिसने सौदीचा जॉब दाखवलाय, ट्रेड टेस्ट झालीय. आता ते म्हणतायत की पासपोर्ट आणि आयटीआयची ओरिजिनल जमा करा, चाळीस हजार भरा, व्हिसा कधीही येईल, तोवर दुसरीकडे जॉइन होऊ नका. तुम्ही फक्त पैशाचं विचारलंय. मला त्या शेवटच्या वाक्याची जास्त भीती वाटते, कारण मी फिटर म्हणून भोसरीत होतो तेव्हा हेच वाक्य मला ऐकवलं होतं, शब्दही जवळपास हेच.

एजंटचं परदेशी भरतीचं सरकारी लायसन्स बघा, पावती घ्या, हे तुम्हाला माहीत असणार, त्यात जात नाही.

माझ्या वेळचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. एसी, काचेचं दार, भिंतीवर लायसन्स नंबर फ्रेम करून लावलेला. नंबर खरा होता, पण मुंबईच्या दुसऱ्याच फर्मचा. ते मला नंतर कळलं. कागद घेतले, 'स्टॅम्पिंगला मुंबईला पाठवतो' म्हणाले, म्हणजे पासपोर्टवर व्हिसा लावून घ्यायला. मग पुढचा आठवडा, मग ईदनंतर, मग कंपनीने कोटा वाढवलाय म्हणून थांबलंय. मधल्या काळात रांजणगावच्या एका कंपनीतून फोन आला. कॉन्ट्रॅक्टवरच, पण काम चांगलं होतं. त्यांना जॉइनिंगला ओरिजिनल सर्टिफिकेट बघायची होती. ती तर एजंटच्या कपाटात! परत मागायला गेलो तर 'कॅन्सलेशन चार्ज' लागेल म्हणाले. म्हणजे नोकरी द्यायची नाही, दुसऱ्याने दिली तर घेऊ द्यायची नाही आणि वर स्वतःचे कागद सोडवायला पैसे भरायचे. माझे सर्व्हिस चार्जचे पैसे पुढे थोडेफार परत आले, पण रांजणगावची जागा गेली ती गेली. घरात बसून काढलेले ते महिने मला सगळ्यात महाग पडले. गल्फचा पगार किती, यावर सगळे बोलतात. गल्फची वाट बघताना इथला पगार किती बुडाला, हे कोणी मोजत नाही.

ही माणसं अशी का करतात, याचा माझा अंदाज सांगतो. त्यांच्या हातात तेव्हा व्हिसा नसतोच. परदेशी कंपनीला किंवा मुंबईच्या मोठ्या एजंटला 'तयार माणसं' दाखवायची असतात, आणि ज्याचा पासपोर्ट कपाटात तो पळून जात नाही. बेकार माणूस त्यांचा स्टॉक असतो. हे माझं मत आहे, पुरावा मागू नका.

आता कागदांचं. पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता असते. एजंटला तो तारण म्हणून ठेवता येत नाही. सौदीच्या स्टॅम्पिंगला ओरिजिनल द्यावा लागतो, ते खरं आहे. पण तो व्हिसा निघाल्यावर. आधी व्हिसाचा नंबर, कंपनीचं नाव, हुद्दा आणि पगार लिहिलेलं ऑफर लेटर हातात घ्यावं, आणि मग पासपोर्ट द्यावा, तोही तारीख घातलेल्या सहीच्या पोचवर. सर्टिफिकेटच्या झेरॉक्स द्या. ॲटेस्टेशनला (सर्टिफिकेट खरं असल्याचे शिक्के मारून घ्यायला) ओरिजिनल लागली तर कुठल्या कागदावर कुठला शिक्का मारायचाय ते आधी लिहून घ्या.

एक सल्ला तुम्हाला हमखास मिळेल, मलाही मिळाला होता: 'हरवला म्हणून तक्रार दे, बाणेरच्या पासपोर्ट ऑफिसातून नवीन काढ.' हे करू नका. पासपोर्ट कुठे आहे हे माहीत असताना हरवला असं लिहून देणं हाच गुन्हा आहे. शिवाय हरवल्याची नोंद झाली की जुना पासपोर्ट रद्द होतो, आणि त्यावर खरंच व्हिसा लागला असला तर तोही जातो. मी पासपोर्ट अधिकाऱ्यांना रजिस्टर्ड पोस्टाने खरं तेच लिहिलं, की पासपोर्ट अमुक पत्त्यावर अमुक माणसाकडे आहे आणि तो परत देत नाही. त्याची एक प्रत एजंटला पाठवली. मग एजंटच्याच ऑफिसातून 'या, घेऊन जा' असा फोन आला. चार्जचा विषयच निघाला नाही.

त्याआधी मी आणखी एका सरकारी कचेरीत गेलो होतो. कुठली ते लिहीत नाही. तिथल्या साहेबांनी आधी सांगितलं, हा पैशाचा व्यवहार आहे, दिवाणी कोर्टात जा. मी एमिग्रेशन ॲक्टचं, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीच्या कायद्याचं नाव घेतल्यावर म्हणाले, त्या कायद्याखाली केस करायला दिल्लीची परवानगी लागते, ती आणा. मी गुपचूप घरी आलो. नंतर एका वकील मित्राने कलम वाचून दाखवलं तेव्हा डोकं फिरलं. १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टमध्ये केंद्राची परवानगी लागते असं कलम २७ मध्ये आहे, बरोबर. पण त्याच कलमात पुढे लिहिलंय की परदेशी जाणाऱ्या माणसाने स्वतः तक्रार केली तर ती परवानगी लागत नाही, आणि त्याच्या वतीने आई, वडील, बायको, भाऊ, बहीण यांनी केली तरी लागत नाही. ताई, म्हणजे तुम्ही स्वतः करू शकता. मी वकील नाही, कलम एकदा वकिलाकडून वाचून घ्या. पण 'दिल्लीहून आणा' म्हणून कोणी परत पाठवलं तर परत येऊ नका. (लायसन्सशिवाय भरती केली तर या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे आणि दंड जास्तीत जास्त दोन हजार रुपये. दोन हजार! तेवढे ते एका मुलाच्या मेडिकलमध्ये काढतात.)

पैशाचं थोडक्यात: एजंटच्या सर्व्हिस चार्जची मर्यादा ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००. चाळीस हजार हे तिथेच चुकलं. ई-मायग्रेटच्या साइटवर (केंद्र सरकारची परदेशी भरतीची साइट) एजंटचं लायसन्स चालू आहे की सस्पेंड ते दिसतं, पण नंबर जुळला म्हणून थांबू नका, पत्ता जुळवा. त्या फर्मच्या मुंबईच्या नंबरवर फोन करून विचारा की पिंपरीतलं ऑफिस तुमचं आहे का. सबएजंट ठेवायला कायद्यात जागाच नाही.

भाऊ दहावी पास आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर त्याच्या पासपोर्टवर ईसीआर (म्हणजे कामाला बाहेर जाण्याआधी सरकारी क्लिअरन्स लागतो असा शेरा) नसणार, आणि एजंट म्हणेल 'तुम्हाला क्लिअरन्सची भानगडच नाही'. आपल्याकडे ईसीआर म्हणजे कमीपणा समजतात. माझं उलट मत आहे. ईसीआरवाला सौदी, ओमान, कतार अशा देशांत कामाला जातो तेव्हा त्याचं कॉन्ट्रॅक्ट ई-मायग्रेटच्या सिस्टीममध्ये चढतं आणि प्रवासी भारतीय विमा काढावाच लागतो. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला दहा लाख, आणि हप्ता दोन वर्षांचा फक्त २७५ रुपये. दहावी पास झालेल्याचे कागद निघताना कोणी बघत नाही, त्याचे त्यालाच बघावे लागतात. मी पुढे दुसऱ्या एजंटकडून ओमानला गेलो तेव्हा पाहिलंय, माझ्या हाताखाली हेल्पर म्हणून असलेली ईसीआरवाली पोरं कागदाने माझ्यापेक्षा पक्की होती.

व्हिसावरचा हुद्दाही बघा. अरबीत असतो, वाचून घ्या. ऑफर लेटरवर फिटर आणि व्हिसावर लेबर, तर तिथे उतरल्यावर पगारही लेबरचाच. आणि व्हिजिट व्हिसावर 'जा, तिथे बदलून मिळेल' असं म्हणाले तर सरळ उठून या.

हल्ली जर्मनी आणि इस्रायलच्या नावाने पण फोन येतात. महाराष्ट्राचा बाडेन-वुर्टेम्बर्गशी २०२४ मध्ये करार झाला, इस्रायलशी भारत सरकारचा २०२३ मध्ये. या करारांखालची भरती सरकारी मार्गाने होते, त्यात पिंपरीतल्या कुणाला चाळीस हजार द्यायचं कारण नाही. थायलंडला डेटा एंट्री म्हणाले तर ऐकूनही घेऊ नका. तिथून म्यानमारच्या सीमेपार नेऊन पोरांना सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपतात.

गल्फला जाऊच नका असं मी म्हणत नाही. घराचं कर्ज मी तिथल्याच पैशावर फेडलं. भावाला आधी इथे मिळेल ते काम धरू दे, ब्रेक मिळालेल्या माणसाला चाकण-तळेगावात कॉन्ट्रॅक्टवर तरी काही ना काही सापडतं. एजंट रागावला तर रागावू दे. खरा व्हिसा आला की नोटीस देऊन निघता येतं, आणि नोटीस पिरियडएवढं थांबायला जो तयार नाही त्याच्याकडे व्हिसा नाही असं खुशाल समजा. कागद अजून दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर आजच पोच मागा, व्हॉट्सॲपवर का होईना, 'पासपोर्ट मिळाला' एवढं लिहून घ्या. माझ्याकडे तेही नव्हतं. ऑफर लेटर आलं तर नाव-नंबर झाकून इथे टाका, हुद्दा आणि ओव्हरटाइमच्या ओळी मी बघतो.