सिस्टरांना विचारा : इंजिनिअरचं वॉर्डात काय काम?

प्रश्न : माझी मुलगी बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. बंगळूरच्या आयआयएससीत, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेत, संशोधन, डॉक्टरकीचं शिक्षण आणि रुग्णालय एकाच आवारात होणार, हे वाचल्यापासून तिला तसल्याच संस्थेत जायचंय. ह्यांचं म्हणणं, इंजिनिअरने सरळ कंपनीत जावं, इस्पितळात तिचं काय काम? मला वेगळीच धास्ती आहे. अशा ठिकाणी पेशंटवर प्रयोग करतात म्हणे. खरं आहे का?
— एक आई, चिपळूण

उत्तर : यजमानांना आधी ही बँडेजची गोष्ट वाचून दाखवा.

मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी हृदयशस्त्रक्रियेच्या थिएटरात. मध्ये काही वर्षं आयसीयूत होते, तेव्हा तिथे परदेशी बनावटीचे इन्फ्युजन पंप आले. औषध अगदी मापात सोडणारं यंत्र, गुणाचं होतं. पण त्याची मागची पकड आमच्या सलाइन स्टँडच्या जाड नळीवर बसेचना. मग आम्ही पंप रोलर बँडेजने बांधायचो. दोन आडवे वेढे, एक उभा, वरून चिकटपट्टी. पेशंटला स्कॅनला न्यायचं झालं की एक मावशी नुसता पंप धरून शेजारी चालायची. कंपनीचा माणूस यायचा, साहेबांच्या केबिनमध्ये चहा घ्यायचा आणि कागदावर सही घेऊन जायचा. आत येऊन एकदा बघितलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. मी निवृत्त झाले तेव्हाही बँडेज होतंच.

इंजिनिअरचं वॉर्डात काम आहे ते हे.

आणि इंजिनिअर, डॉक्टर नि रुग्णालय एकत्र आणायची ही कल्पना काही आजची नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेचं रुग्णालय १९७६ साली सुरू झालं. एकीकडे शस्त्रक्रिया, तिथेच डॉक्टर घडवायचे आणि त्याच शहरातल्या पूजाप्पुऱ्याच्या जुन्या राजवाड्यात उपकरणांची प्रयोगशाळा. १९८० मध्ये संसदेने कायदा करून तिला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था केलं. पहिले संचालक डॉ. वलियाथन हे स्वतः हृदयाचे सर्जन. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब झालेली तरुण मुलं-मुली त्यांच्यापुढे रांगेने येत होती, आणि परदेशी झडपेची किंमत ऐकूनच घरचे गप्प व्हायचे. म्हणून त्यांनी झडप इथेच करायला घेतली.

ती काही पहिल्या फटक्यात जमली नाही. हृदय मिनिटाला सत्तर ठोके धरले तरी वर्षाला साडेतीन कोटींच्या वर होतात, आणि दर ठोक्याला झडपेतली चकती उघडून मिटायला हवी. आधीचे तीन नमुने बाद झाले. त्यात सॅफायरची, म्हणजे कृत्रिम नीलमण्याची चकतीही वापरून झाली. एवढं कठीण रत्न, तेही मेंढीच्या हृदयात फुटलं. शेवटी टिकली ती प्लॅस्टिकची चकती! खुब्याच्या कृत्रिम सांध्यात वाटीसाठी वापरतात तसलं भक्कम प्लॅस्टिक, भोवती धातूचं कडं. डिसेंबर १९९० मध्ये ही झडप पहिल्यांदा माणसाला बसवली.

पुढे आमच्या थिएटरातही ती आली. झडपेच्या कापडी कडेतून हिरवे आणि पांढरे टाके आलटून-पालटून ओवलेले असायचे, ते ओळीने ताणून धरायचे, गुंता होऊ द्यायचा नाही, मग सर्जन झडप अलगद खाली सरकवून जागेवर बसवणार. माझे हात तेव्हा थरथरायचे, हे आज पहिल्यांदाच सांगतेय. सगळे टाके बांधून झाले की मऊ टोकाच्या काडीने चकती हलकेच ढकलून बघायची. ती हलली की मास्कआड सगळ्यांचा श्वास सुटायचा.

आता तुमची धास्ती. प्रयोग होतात, ते कशाला लपवायचं? चौथी झडपसुद्धा कुणाला तरी पहिल्यांदा बसवावी लागलीच की. पण आज चोरून-मारून काही करता येत नाही. वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे नियम आहेत. नव्या उपकरणाची माणसावर चाचणी घ्यायची तर सरकारची परवानगी लागते, नैतिकता समितीची मंजुरी लागते आणि पेशंटला समजेल अशा भाषेत लेखी संमती घ्यावी लागते. नाही म्हटलं म्हणून नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई चाचणी घेणाऱ्यांच्या माथी. माझं एवढंच सांगणं, संमतीचा कागद घरी न्यायला मागा, रात्री चष्मा लावून वाचा आणि दुसऱ्या दिवशी विचारा, 'यात भाग घेतला नाही तर कोणता उपचार द्याल?' या प्रश्नावर जो डॉक्टर चिडेल, त्याच्या कागदावर सही करू नका.

इंजिनिअर आणि डॉक्टर एकत्र आले की काय होतं, ते बघायला तसं लांबही जायला नको. रक्ताच्या काही कर्करोगांवरची कार-टी उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून उभी केली, २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली. पेशंटच्याच रक्तातल्या पेशी काढून, प्रयोगशाळेत बदलून, परत त्यालाच देतात. पवई आणि परळच्या माणसांनी एकमेकांकडे खेपा घातल्या म्हणून ते झालं.

बंगळूरचं म्हणाल तर २०२२ मध्ये दोन दांपत्यांनी मिळून ४२५ कोटी रुपये देण्याचं जाहीर केलं, सुमारे ८०० खाटांचं रुग्णालय ठरलं, आणि एमडीबरोबर पीएचडी करायची सोयही. चांगलंच आहे. पण मी पडले सिस्टर, मी इमारत बघून हुरळत नाही. मुलीला सांगा, मुलाखतीला कुठेही गेलीस तरी दोन गोष्टी विचार. आठवड्यातले किती दिवस वॉर्डात उभं राहायला मिळेल? आणि नाइट ड्यूटीच्या सिस्टरशी बोलू देतील का? दिवसा राउंडच्या वेळी सगळी यंत्रं शहाण्यासारखी वागतात, त्यांची खोड कळते पहाटे तीनला.

प्रवेश मिळाला की पहिल्या दिवशी आवाज न करणाऱ्या चपला घाल म्हणावं, आणि खिशात एक मोजपट्टी ठेव. आधी सलाइन स्टँडच्या नळीची जाडी मोजायची.