४० तास भरल्यावर

टोरोंटोजवळ राहणाऱ्या एका मराठी ख्रिस्ती आईचा प्रश्न असा आहे. मुलगी अकरावीत. ओंटारिओत शाळेचा डिप्लोमा मिळवायला ४० तास समाजसेवा करावी लागते, ते तिचे दहावीतच भरले. तरीही दर शनिवारी सकाळी ती गरजूंना मोफत धान्य देणाऱ्या फूड बँकेत जातेच. वडिलांचं म्हणणं, तास भरले ना, आता अभ्यासाकडे बघ. उन्हाळ्यात सगळे भारतात जाणार आहेत, तेव्हा नगरकडच्या एखाद्या गावात दोन आठवडे सेवा कर, विद्यापीठाच्या अर्जात चांगलं दिसेल, असं आईवडिलांनी सुचवलं. त्यावर मुलगी रडली आणि म्हणाली, "रविवारी उपासनेत आपण जे गातो ते खरं मानतो का?"

ताई, मुलीनं उलट उत्तर दिलं म्हणून तुम्हाला वाईट वाटलं, ते पत्रात जाणवतं. पण तिचा प्रश्न उद्धटपणाचा नाही. तुम्ही इतकी वर्षं तिला चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत नेलंत, घरी प्रार्थना शिकवलीत, त्यातूनच तो आला आहे.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय तिघांनी एकत्र बसून वाचा. मी भुकेला होतो, परका होतो, आजारी होतो, तुम्ही माझ्याकडे आलात, असं न्यायाच्या दिवशी राजा, म्हणजे ख्रिस्त, म्हणतो. त्यावर ते नीतिमान लोक गोंधळून विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? त्यांना काही आठवतच नाही. त्यांनी हिशेब ठेवलेला नव्हता. शाळेच्या फॉर्मवर सही लागते, ते ठीक आहे. नियम आहे तो पाळायचाच. पण ४० तासांनंतरचा जो शनिवार आहे, त्याची नोंद कुठेच होत नाही, आणि तुमची मुलगी तो देते आहे. माझ्या मते तिची ख्रिस्ती श्रद्धा तिथे सुरू झाली आहे. कृपा करून तो शनिवार काढून घेऊ नका.

आता गावातल्या दोन आठवड्यांबद्दल. ते करू नका, असं मी स्पष्टच सांगते. तुमच्याच जिल्ह्यातलं जामखेड आठवा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० साली तिथे आलं. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले, पुढे अमेरिकेत शिक्षण घेतलेले. खेड्यातल्या गोरगरिबांसाठी राबायचं, हे त्यांनी लग्नाच्या वेळीच ठरवलं होतं. पण आल्याबरोबर त्यांनी औषधं वाटत सुटायचं ठरवलं नाही. आधी लोकांना विचारलं. दिवस दुष्काळाचे, लोकांना दवाखान्याच्या आधी पाणी आणि अन्न हवं होतं. मग पाण्याची आणि पोरांच्या जेवणाची सोय आधी झाली. हातपंप दलित वस्तीत बसवले गेले, म्हणजे पाण्यासाठी बाकीच्या गावाला तिथे येणं भाग पडावं. शिकलेल्या नर्स खेड्यात राहायला तयार होईनात, तेव्हा गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यातल्या बऱ्याच दलित होत्या, कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. बाळंतपणं, पोरांची हगवण, कुष्ठरोग्यांची देखभाल, हे सगळं त्या बायका सांभाळू लागल्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ मध्ये आणि डॉ. रजनीकांत २०११ मध्ये गेले, पण जामखेडचं काम थांबलं नाही.

विचारणं आणि टिकून राहणं, या दोन्ही गोष्टी दोन आठवड्यांत होत नाहीत. उलट तेवढ्या दिवसांत तिच्या राहण्या-जेवण्याची, ने-आण करण्याची कामं गावातल्याच कुणाला तरी करावी लागतात. नगरला गेलात तर तिला जामखेड जरूर दाखवा. तिथल्या जुन्या आरोग्यसेविका भेटल्या तर त्यांच्यासमोर बसू द्या आणि ऐकू द्या. मदत करायला मात्र पाठवू नका.

वडिलांची अभ्यासाची काळजी मला खोटी वाटत नाही. सेवा करायची म्हणून गणित सोडायचं, असा अर्थ तिनं काढला असेल तर तिला थांबवायला हवं. आरोळ्यांनी डॉक्टरकी नीट शिकूनच जामखेड गाठलं. पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमा लहानपणीच आईबरोबर इंग्लंडला गेली; म्हणजे परदेशात वाढणाऱ्या मराठी ख्रिस्ती मुलींमध्ये ती अगदी पहिल्यांपैकी. पुढे ती अमेरिकेत शिकली, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये परत आली आणि तिथल्या अंध मुलींना ब्रेल शिकवू लागली. शिक्षण आणि सेवा एकमेकींच्या आड आल्या नाहीत, कारण शिकलेलं कुणासाठी वापरायचं हे तिला ठाऊक होतं. तेव्हा परीक्षेच्या आठवड्यांत सुट्टी घे, पण ती फूड बँकेला आधी कळव, असं तिला सांगा. तिच्या भरवशावर कुणीतरी कामाची पाळी लावलेली असते.

आणखी एक काळजी घ्या. या वयात मनाला लागलेलं काम झोप, जेवण, मैत्रिणी सगळं बाजूला ढकलतं. प्रभू येशूही गर्दीतून उठून एकांतात प्रार्थनेला जात असे, हे तिला आठवण करून द्या. पुढे कुणाच्या घरी जाऊन मदत करायची वेळ आली तर एकटीनं जायचं नाही. संस्थेचं मोठं माणूस सोबत हवं, आणि तुम्हाला ठिकाण माहीत हवं. चर्चमधल्या कामालाही हाच नियम लावा.

फूड बँकेत येणाऱ्या माणसाच्या हातात धान्याबरोबर चर्चचं पत्रक द्यावं का, असंही तुम्ही विचारलं आहे. नको. अन्न घ्यायला आलेला माणूस नाही म्हणायच्या स्थितीत नसतो. तिला कुणी विचारलं, तू दर आठवड्याला का येतेस, तर तिनं खुशाल सांगावं की मी ख्रिस्ती आहे म्हणून. न विचारता सांगायची गरज नाही.

शनिवारच्या पलीकडे तिला अजून काही करायचं असेल, तर तुमच्याच चर्चच्या मंडळीत बघा. मुलानातवंडांकडे सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडील आणि आजी-आजोबांसाठीच्या लांब मुदतीच्या व्हिसावर, आलेले आजी-आजोबा हिवाळाभर घरात कोंडून असतात. गाडी चालवता येत नाही, इंग्रजी फोनवर कळत नाही, दिवसभर बोलायला कुणी नसतं. वृद्धाश्रमांतही अशी माणसं आहेत. स्मृतिभ्रंश झालेली काही माणसं नंतर शिकलेली भाषा विसरून मातृभाषेवर येतात. तिथे मराठी बोलणारी सोळा वर्षांची मुलगी जे देऊ शकते ते तिथल्या नर्सला देता येत नाही. तिचं मराठी मोडकंतोडकं असलं तरी चालेल. तिनं जाऊन एखादं जुनं भजन म्हणावं, आलेली पत्रं वाचून दाखवावीत, आणि काय हवं ते विचारावं. डॉक्टरांपुढे दुभाषाचं काम मात्र तिच्यावर टाकू नका. त्यासाठी मोठं, जाणकार माणूस लागतं.

तिच्या सेवेचे फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकणं बंद करा. त्यात रांगेत उभ्या असलेल्या लोकांचे चेहरेही येतात, आणि त्यांची परवानगी कुणी घेतलेली नसते. विद्यापीठाच्या अर्जात काय लिहायचं ते तिचं तिला ठरवू द्या.

आणि तिच्या वडिलांना माझी एक विनंती. येत्या शनिवारी तिला दारात सोडून परत फिरू नका. आत जा, तिथल्या समन्वयकांना भेटा आणि जे काम सांगतील ते करा. बहुतेक डब्यांवरच्या तारखा तपासायला किंवा खोकी उचलायला सांगतील. तुमच्या मुलीला तिथलं सगळं माहीत आहे, तिलाच विचारत विचारत करा. अभ्यासाचं बोलणं त्यानंतर घरी परतताना गाडीत करा.