उत्तर इटली श्रीमंत आणि दक्षिण मागे, याचा मध्ययुगाशी खरंच काही संबंध आहे का?

आहे. आणि ‘दक्षिणेकडची माणसंच आळशी’ एवढ्यावर ज्यांचं समाधान होतं, त्यांच्याशी माझं जुनं भांडण आहे.

मिलानला नोकरीत असताना आमचे एक वरिष्ठ जेवताना हमखास हेच बोलायचे. समोर दक्षिणेतल्या कालाब्रिया प्रांताचा माझा सहकारी मान खाली घालून जेवत असायचा. विभागात सगळ्यांत उशिरापर्यंत थांबणारा तोच! एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, मेल्फीचे कायदे वाचलेत का? 1231 साली सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने दक्षिणेच्या राज्यासाठी ते काढले. शहराने स्वतःचा कारभारी निवडला, तर शहर उद्ध्वस्त, रहिवासी कायमचे वेठीला आणि पद घेणाऱ्याला देहदंड. उलट त्याच्याच आजोबाला, बार्बारोसाला, उत्तरेच्या शहरांनी एकजुटीने 1176 मध्ये लेन्यानोच्या लढाईत हरवलं आणि 1183 च्या कॉन्स्टन्सच्या तहात आपले कॉन्सुल, म्हणजे शहराचे कारभारी, निवडायचा हक्क पदरात पाडून घेतला. बोलोन्या शहराने तर 1256-57 मध्ये जमीनदारांना पैसे मोजून जवळपास सहा हजार भूदास, म्हणजे मालकाच्या जमिनीला बांधलेली माणसं, सोडवले.

‘आठशे वर्षांपूर्वीचं काय उकरून काढता?’ असं ते म्हणाले. उकरायलाच हवं. उत्तरेतल्या जेनोव्हा बंदरात घरबसल्या माणूस दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या हाती भांडवल द्यायचा. नफ्याचे तीन वाटे भांडवल देणाऱ्याचे, एक दर्यावर्दीचा. करार नोटरीकडे नोंदलेला, तंटा झाला तर न्याय आपल्याच शहरात. अशाने परक्यावर विश्वास टाकायची सवय लागते. दक्षिणेत मीठ, लोखंड, रेशीम यांची मक्तेदारी फ्रेडरिकने स्वतःकडे घेतली. तिथे व्यापाऱ्याची हुशारी दरबारी मर्जी सांभाळण्यातच खर्ची पडणार.

सगळा दोष 1231 वर ढकलता येत नाही, हेही सांगतो. बाराव्या शतकात दक्षिणेतलं, सिसिलीचं पालेर्मो चांगलंच संपन्न होतं. उत्तरेतही सगळं लोकांच्या हाती नव्हतं. व्हेनिसने 1297 मध्ये महासभेची दारं मोजक्या घराण्यांपुरती मर्यादित केली. दक्षिणेतल्या अवाढव्य जमीनदाऱ्यांना 1950 च्या जमीन सुधारणेपर्यंत फारसा धक्का लागला नाही. 1861 च्या इटलीच्या एकीकरणावेळी उत्तर-दक्षिण दरी नेमकी किती होती, यावर इतिहासकार अजून भांडतात. आज कालाब्रियाचं दरडोई सकल उत्पादन मिलानच्या लोंबार्दी प्रांताच्या निम्म्याहून कमी आहे, त्यात या सगळ्याचा वाटा आहे.

तरी ‘व्यापार दक्षिणेच्या रक्तातच नाही’ असं कुणी ऐकवलं, तर त्याला अमाल्फीबद्दल विचारा. नॉर्मन राजांनी स्वायत्तता काढून घेण्याआधी तिथले व्यापारी कैरो आणि कॉन्स्टँटिनोपलपर्यंत व्यापार करत होते, आणि अमाल्फी दक्षिणेतच आहे.