निवारागृहात सतत घाबरून राहणाऱ्या कुत्र्यासाठी संयमी घर कसे शोधावे?

पिंजऱ्याच्या कोपऱ्यात थरथरत बसणारा, अन्नाला तोंड न लावणारा कुत्रा स्वभावाने वाईट असतो असे नाही. सततचे भुंकणे, अनोळखी वास आणि बंदिस्त जागा यांमुळे त्याच्या शरीरात कॉर्टिसॉल हे तणावाचे संप्रेरक वाढते, म्हणूनच कायमचे घर शोधण्याआधी त्याला काही आठवडे तात्पुरत्या पालकाकडे ठेवावे, असे माझे ठाम मत आहे. तिथे तो जिन्याला बिचकतो का, अनोळखी पुरुषांना घाबरतो का, एकटा राहू शकतो का, हे नीट कळते. हे सारे, आणि चावण्याचा प्रसंग घडला असल्यास तोही, इच्छुकांना आधीच स्पष्ट सांगावे, कारण लपवलेल्या गोष्टीची किंमत शेवटी कुत्र्यालाच मोजावी लागते.

घर निवडताना मोठ्या अंगणापेक्षा ठरलेली दिनचर्या, शांत कोपरा आणि दिवसाचा बराच वेळ घरी असणारी माणसे अधिक मोलाची ठरतात. ‘तो दोन-तीन महिने जवळ आला नाही, तरी तुम्ही थांबाल का?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. भाड्याच्या घरासाठी घरमालकाची लेखी संमती घ्यावी. दिवाळीच्या तोंडावर मात्र त्याला नव्या घरी मुळीच पाठवू नये; फटाक्यांना घाबरून पळालेला कुत्रा अनोळखी भागात सहसा कुणाच्या हाकेला येत नाही.