इंगोमा की न्गोमा, आणि मराठीत काय लिहायचं?

प्रश्न असा आहे की आफ्रिकेतल्या बुरुंडी देशाच्या ढोलवाल्यांच्या व्हिडिओखाली कुणी 'इंगोमा' लिहितं, कुणी 'न्गोमा', आणि अर्थ एके ठिकाणी ढोल तर दुसरीकडे नाच, मग बरोबर कुठलं?

दोन्ही बरोबर. इंगोमा किरुंडीतला, म्हणजे बुरुंडीच्या भाषेतला, न्गोमा पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीतला, शब्द मुळात एकच, दोन्ही भाषा ज्यात येतात त्या बांटू भाषाकुळातला. किरुंडीत नामाच्या सुरुवातीला जो स्वर लागतो तो स्वाहिलीत गळालाय, एवढाच फरक. फक्त 'नगोमा' लिहू नका, 'गंगा' मधला ङ्ग आहे ना, तोच तिथे सुरुवातीला येतो.

स्वाहिलीत अर्थ ऐसपैस आहे, ढोल पण न्गोमा, नाच पण न्गोमा आणि तो सगळा जमाव-कार्यक्रम पण न्गोमाच. कुठला ते क्रियापदावरून कळतं. 'कुपिगा न्गोमा' म्हणजे ढोल वाजवणं, 'कुचेझा न्गोमा' म्हणजे नाचणं, आणि गंमत म्हणजे कुचेझा म्हणजे खेळणंसुद्धा. आपलं लेझीम बघा की, हातातलं वाद्य लेझीम, नाचही लेझीम, आणि तो आपण 'खेळतो'.

किरुंडीत भानगड वेगळी. तिथे इंगोमा म्हणजे ढोल आणि राजवटही, 'कु न्गोमा या अमुक' म्हणजे अमक्याच्या कारकिर्दीत. कार्येंडा नावाचा पवित्र ढोल हीच राजसत्तेची खूण होती, 1962 ला बुरुंडी स्वतंत्र झाला तेव्हा झेंड्याच्या मध्यावरही ढोलच, आणि 1966 मध्ये राजेशाही गेली तसा तोही झेंड्यावरून गेला.

वादनात मधला ढोल इंकिरान्या, त्याच्यावर एकेक जण आळीपाळीने येऊन वाजवतो, नाचतो, उंच उड्या मारतो. अमाशाक्वे नावाचे ढोल ठेका सोडत नाहीत आणि इबिशिकिझो मधल्याच्या मागोमाग जातात. कातडं ताणून धरणाऱ्या खुंट्यांना म्हणतात 'अमाबेरे', म्हणजे स्तन. आणि 2017 च्या सरकारी फर्मानाने हे ढोल वाजवायला बंदी कुणाला, तर बायकांनाच! असो.

मराठीत नुसतं 'ढोलवादन' लिहिलं तर नाच आणि राजा दोन्ही सुटतात. युनेस्कोच्या यादीत 2014 ला हे आलं तेसुद्धा राजढोलाचं विधिनृत्य म्हणूनच. मी पहिल्यांदा 'इंगोमा (राजढोल)' लिहीन, पुढे नुसतं इंगोमा, पुल्लिंगीच. सामान्यरूप मात्र 'इंगोमाचा' ठेवा, नियमाने 'इंगोम्याचा' होईल खरं, पण ते वाचलं की सोम्यागोम्याच डोळ्यासमोर येतात.