गुन्सानचं हिरोत्सु घर पहिल्यांदा बघताना

दक्षिण कोरियातल्या गुन्सान या बंदराच्या शहरातलं हिरोत्सु घर बघायला जाताय आणि कोरियातलं जपानी राजवटीच्या काळातलं घर पहिल्यांदाच बघताय, असं तुम्ही लिहिलंत; ते वाचून फार बरं वाटलं. सुरुवातीला तीनच गोष्टी सांभाळा.

१. थेट घराकडे धावू नका. आधी बंदराजवळचं १९०८ सालचं जुनं जकात कार्यालय बघा. गुन्सान बंदर १८९९ मध्ये खुलं झालं आणि होनामच्या, म्हणजे कोरियाच्या नैर्ऋत्य भागातल्या, मैदानातला तांदूळ इथूनच जपानला जायचा. हे माहीत नसलं की घर म्हणजे नुसता देखणा लाकडी वाडा वाटतो. बहुतेक नवखे इथेच चुकतात: बागेतल्या दगडी दिव्यापाशी दोन फोटो, की निघाले.

२. घरापाशी निवांत थांबा. हे दुमजली घर कापडाचे व्यापारी हिरोत्सु यांनी १९२५ च्या सुमारास बांधलं. वर तातामीच्या (जपानी गवती चटयांच्या) खोल्या, पण तळमजल्यावर खालून तापणारी कोरियन ओन्दोल खोली! मालक जपानी असला तरी थंडी कोरियाचीच होती ना. मला हे घर या एका तपशिलासाठीच आवडतं. आतला भाग बंद असला तर हिरमुसू नका, बागेतूनही पुष्कळ दिसतं.

३. स्थानिकांसमोर 'किती सुंदर!' म्हणताना भान ठेवा. ही १९१० ते १९४५ च्या पारतंत्र्याची खूण आहे.

तिथून चालत दोंगुक्सा या बौद्ध मंदिरात जाच. त्या काळात जपानी सत्तेला साथ दिल्याबद्दल जपानच्या सोतो या झेन बौद्ध पंथाच्या भिक्खूंनी दिलेला माफीनामा २०१२ पासून तिथे दगडावर कोरलेला आहे.

छपरांचे प्रकार, लाकडाचे सांधे वगैरे दुसऱ्या फेरीला बघू.